दिसत नाही म्हणजे नाही, असं नाही!

मागच्या महिन्यात बहिणीचा शिष्यवृत्तीचा अर्ज मोबाइलवर भरत होतो. रात्रीचे साडेअकरा, शेवटची तारीख. ‘सबमिट’ दाबतोय, दाबतोय, काहीच होईना. एरर नाही, लाल अक्षरं नाहीत. वैतागून ‘वसतिगृहात राहता का?’चं उत्तर ‘होय’ केलं, तर खाली एक अख्खा भाग उघडला. त्यात खोली क्रमांक, आणि तो भरणं सक्तीचं! आम्ही ‘नाही’ म्हटल्यावर तो रकाना लपला होता, पण त्याची सक्ती तशीच होती. तिथे शून्य टाकलं, परत ‘नाही’ केलं, आणि अर्ज गेला.

ही लपाछपी आली कुठून? चला, थोडं मागे जाऊ.

1995 साल. 15 ऑगस्टला व्हीएसएनएलने भारतात लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं. फोनच्या तारेवर मोडेम कुरकुरायचा. फॉर्म तेव्हाही होते, पण ब्राउझरचं काम पोस्टमनचं. भरलेलं न्यायचं, सर्व्हरला द्यायचं. एक रकाना जरी राहिला, तरी ते कळायला अख्खी फेरी व्हायची.

त्याच वर्षी मे महिन्यात नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी 10 दिवसांत एका भाषेचा पहिला नमुना लिहिला. तीच पुढे जावास्क्रिप्ट झाली. आता रिकामा रकाना ब्राउझरमध्येच पकडता येऊ लागला. पण एकदा उमटलेल्या पानातला एखादा भाग लपवणं? ते अजून जमत नव्हतं.

ते जमलं 1997 मध्ये, नेटस्केप आणि इंटरनेट एक्सप्लोरर या दोघांच्या चौथ्या आवृत्तीत. पण दोघांची बोली वेगळी! एकाला ‘लेयर्स’ म्हणायचं, दुसऱ्याला ‘ऑल’. म्हणजे एकच गोष्ट लपवायला कोड दोनदा लिहा. 1998 मध्ये डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने ‘डॉम’चं पहिलं प्रमाण आणलं, तेव्हा कुठे सगळ्यांसाठी एक बोली ठरली. 2006 मध्ये जॉन रेसिग यांची जेक्वेरी आली आणि काम दोन शब्दांवर आलं: ‘शो’ आणि ‘हाइड’.

इतकं सोपं झालं, की एक गोष्ट विसरायला झाली. ‘डिस्प्ले नन’ लिहिलं की रकाना फक्त डोळ्यांपुढून जातो, फॉर्ममधून नाही. त्यात भरलेलं सर्व्हरकडे जातंच.

मग 2014 मध्ये प्रमाण झालेल्या एचटीएमएल 5 ने ‘रिक्वायर्ड’ दिलं. सक्तीचा रकाना रिकामा असेल तर ब्राउझर स्वतःच अडवतो आणि तिथे बोट दाखवतो. पण रकानाच लपलेला असेल, तर बोट दाखवणार कुठे? म्हणून तो गप्प उभा राहतो. आमचं नेमकं हेच झालं होतं.

उपाय छोटासा आहे. भाग लपवताना त्यातले रकाने ‘डिसेबल्ड’ही करायचे. मग त्यांची तपासणी होत नाही आणि ते पाठवलेही जात नाहीत. सर्व्हरनेही आलेली माहिती पुन्हा तपासायची, कारण ब्राउझरमधलं काहीही बदलता येतं.

बहिणीच्या अर्जात आता ‘वसतिगृहात राहत नाही’ असं आहे, आणि खोली क्रमांक शून्यही आहे. निकाल यायचाय. तुमच्यापैकी कुणी फॉर्म बनवत असाल, तर लपवलेल्या रकान्याकडे एकदा बघाच. पलीकडे कुणीतरी साडेअकरा वाजता बटण दाबत बसलेलं असतं.