शून्य बळी

बेसबॉलच्या अमेरिकी बोलीत 'कॉफीचा कप' असा एक शब्दप्रयोग आहे. वरच्या लीगमध्ये जेमतेम दोन-चार सामने खेळून ज्याची पुन्हा खालच्या, मायनर लीगमध्ये रवानगी होते, त्याच्या वाट्याला तेवढा एक कप आला, असं म्हणतात. मराठीत याला नेमका प्रतिशब्द सापडत नाही. 'औटघटकेचं राज्य' जवळपास जातं, पण त्यात टोमणा आहे. कपात तो नाही. असे कितीतरी खेळाडू पुढे त्याच मायनर लीगमध्ये प्रशिक्षक होतात. मद्रासमधल्या अशाच एका माणसाचा इतिहास मराठी वाचकाला परका नाही, कारण त्याचा एक धागा थेट श्रीरामपूरला जातो.

टी. ए. शेखर हे मद्रासचे वेगवान गोलंदाज. १९८३ च्या आरंभी ते पाकिस्तानात दोन कसोटी सामने खेळले. बळी शून्य. त्या मालिकेतल्या सहा कसोट्यांत इम्रान खानने ४० बळी घेतले आणि भारत ०-३ असा हरला. शेखर यांना चार एकदिवसीय सामनेही मिळाले. आंतरराष्ट्रीय कारकीर्द एवढीच.

हे अपयश त्यांच्या एकट्याचं मानलं तर इतिहास चुकेल. त्याआधीची कैक वर्षं भारतात नवा चेंडू ही केवळ औपचारिकता होती. एकनाथ सोलकरने आणि प्रसंगी सुनील गावसकरनेही चार षटकं टाकून चकाकी घालवायची आणि चेंडू फिरकीच्या हवाली करायचा, हा रिवाज. १९७८ मध्ये कपिलदेव आला, पण तो अपवाद होता. वेगवान गोलंदाज घडवण्याची रीत देशात नव्हती. जो निपजेल तो नशिबाने.

ती रीत घालून देण्याचा प्रयत्न १९८७ मध्ये मद्रासमध्ये झाला, तोही एका टायर कंपनीच्या पैशातून. एमआरएफचे रवी मॅमन यांनी पेस फाउंडेशन उभं केलं आणि डेनिस लिलीला बोलावलं. जागा चेतपेटमधल्या मद्रास ख्रिश्चन कॉलेज शाळेच्या मैदानाची. लिलीची निवड केवळ नावासाठी नव्हती. १९७३ मध्ये त्याच्या पाठीच्या मणक्याला तडे गेले होते. त्यातून उठून, शैली बदलून तो पुन्हा उभा राहिला होता. कंबर एका दिशेला आणि खांदे दुसऱ्या दिशेला अशी मिश्र शैली पाठ कशी मोडते, हे तो शरीराने शिकला होता. १९८७ मध्येच मुंबईचा चौदा वर्षांचा एक मुलगा वेगवान गोलंदाज व्हायला तिथे आला. त्याने फलंदाजीच करावी, हा लिलीचा सल्ला सचिन तेंडुलकरने मानला हे बरंच झालं.

लिली वर्षातून काही आठवडे येई. उरलेले दिवस शेखर यांचे. धाव मोजणं, पाऊल कुठे पडतं ते पाहणं, व्यायाम करून घेणं, तेच वाक्य शंभरदा सांगणं. जवागल श्रीनाथ, व्यंकटेश प्रसाद, इरफान पठाण, मुनाफ पटेल याच मैदानावरून गेले.

आणि झहीर खान. श्रीरामपूरचा हा डावखुरा मुलगा मुंबईत नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये सुधीर नाईक यांच्या हाताखाली आला. शेखर यांनी त्याला मुंबईत हेरलं आणि चेन्नईला नेलं. मुंबईच्या रणजी संघाऐवजी तो आधी बडोद्याकडून खेळला, २००० मध्ये भारताकडून, आणि ९२ कसोट्यांत ३११ बळी घेऊन थांबला.

इथे दोन आकडे शेजारी ठेवावेसे वाटतात. नाईक तीन कसोट्या खेळले, शेखर दोन. दोघांच्या वाट्याला तो कपच आला. २ एप्रिल २०११ रोजी वानखेडेवर विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, तेव्हा खेळपट्टी नाईक यांच्या देखरेखीखाली तयार झालेली होती आणि पहिली षटकं झहीर टाकत होता: पाच षटकं, त्यातली तीन निर्धाव, सहा धावा, एक बळी. त्या दिवशीच्या धावफलकात या दोघांचा उल्लेख नाही, असायचं कारणही नाही.

याचा अर्थ झहीरचे बळी शेखर यांच्या खात्यावर मांडावेत असा नाही. श्रेय असं वळतं करता येत नाही, आणि चेतपेटच्या नेटमध्ये घाम गाळून पुढे कुठेच न पोचलेली मुलंही त्याच गुरूची होती. शिकवण्याचा हिशेब त्यांना धरूनच करावा लागतो.

अनुवादाच्या व्यवसायात असल्यामुळे मला हे वेगळं वाटत नाही. आपण खेळाचा इतिहास आकड्यांवरून लिहितो, साहित्याचा मुखपृष्ठावरच्या नावांवरून. दोन्हीकडे हातातून हातात जाणारी विद्या नोंदीबाहेर राहते. शेखर यांच्या नावापुढचं कसोटीतलं शून्य खरं आहे, ते पुसायचं नाही. फक्त ते वाचताना १९८३ वर थांबू नये. त्यांचा खरा डाव १९८७ नंतर चेतपेटला सुरू झाला.