सी डे : रिकाम्या दिवसाची कुळकथा

क्रूझच्या वेळापत्रकात काही तारखांपुढे बंदराचं नाव नसतं. नुसतं ‘ॲट सी’ असं छापलेलं असतं. क्रूझवर जाणारी मंडळी याला ‘सी डे’ म्हणतात. कॅरिबियनच्या सहलीत असा एखाद-दुसरा दिवस येतो. साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क या अटलांटिकच्या सफरीत मात्र सगळे दिवस तसलेच. सात रात्री पाण्यावर, मध्ये कुठेही उतरणं नाही. तिकीट काढायच्या आधी घरातलं कुणीतरी विचारतंच, “एवढे दिवस करायचं काय?” जहाजवाले दोनशे वर्षं या प्रश्नाला तोंड देत आले आहेत. आज डेकवर जे चालतं, ते बरंचसं या प्रश्नाला त्या त्या काळी सुचलेल्या उत्तरांतून आलेलं आहे.

अगदी सुरुवातीला मात्र हे कुणी विचारतच नव्हतं. जहाज सुटणार कधी, हेच कुणाला ठाऊक नसायचं. माल भरला, वारा धरला, की निघायचं. ५ जानेवारी १८१८ रोजी ब्लॅक बॉल लाइनचं ‘जेम्स मन्रो’ हे शिडाचं जहाज न्यूयॉर्कहून भर बर्फात, जाहीर केलेल्या वेळेला लिव्हरपूलकडे निघालं. निघण्याची तारीख अशी बांधली गेली. पोचण्याची तारीख अजून वाऱ्याच्याच हातात होती. पश्चिमेकडे जाताना पाच-सहा आठवडे सहज लागत. एवढ्या मुदतीत बोट लागून आडवं पडणं, उठणं आणि पुन्हा आडवं पडणं, हाच बहुतेकांचा दिनक्रम. करमणुकीचा विचार त्यानंतर.

आगबोटींनी वेग आणला हे खरंच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दिवस मोजता येऊ लागले. ४ जुलै १८४० रोजी क्यूनार्ड कंपनीची ‘ब्रिटानिया’ लिव्हरपूलहून निघाली आणि साधारण दोन आठवड्यांत हॅलिफॅक्समार्गे बॉस्टनला पोचली. ताज्या दुधासाठी बोटीवर एक गायही होती. प्रवास दोन आठवड्यांचाच आहे म्हटल्यावर त्या दोन आठवड्यांचं काय करायचं, हा विचार सुचतो. अंत माहीत नसलेला रिकामपणा माणूस नुसता सोसतो. मोजलेला रिकामपणा भरायला बघतो. अर्थात हे लगेच झालं नाही. जानेवारी १८४२ मध्ये चार्ल्स डिकन्स याच ‘ब्रिटानिया’ने अमेरिकेला गेला, तो वादळात असा हलला की परतताना त्याने आगबोटीचं नाव काढलं नाही. सरळ शिडाचं जहाज धरलं. त्या शतकातला प्रवासी मराठीत भेटायला हवा असेल, तर पंडिता रमाबाईंचं ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ काढावं. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला हजर राहायला रमाबाई १८८६ साली लहानग्या मनोरमेला घेऊन ऐन हिवाळ्यात अटलांटिक ओलांडून फिलाडेल्फियाला गेल्या होत्या. हिवाळ्यातला उत्तर अटलांटिक म्हणजे आजही कप्तानांच्या कपाळाला आठ्या पाडणारा समुद्र.

करमणूक आधी प्रवाशांनीच उभी केली. जून १८६७ मध्ये न्यूयॉर्कहून ‘क्वेकर सिटी’ ही बोट युरोप आणि पॅलेस्टाइनच्या सहलीला निघाली. कामधंद्याशिवाय, नुसतं फिरायला म्हणून निघालेली ही मंडळी, आणि त्यांच्यात बातमीदार म्हणून मार्क ट्वेन. बोटीवरचे दिवस कसे जात हे त्याने लिहून ठेवलं आहे. रोजनिशी लिहिण्याचा संकल्प झाडून सगळ्यांनी सोडला आणि थोड्याच दिवसांत बहुतेकांच्या वह्या बंद पडल्या. कुणाचा तरी ओव्हरकोट चोरल्याचा आरोप ठेवून बोटीच्या पर्सरवर, म्हणजे हिशेबनिसावर, खोटा खटला भरवला. त्यात वकील होते, साक्षीदार होते, सगळं होतं. डेक हलत असताना नाचण्याचाही प्रयत्न झाला. आणि डेकवर खडूने चौकटी आखून लांब दांड्याने लाकडी चकत्या ढकलण्याचा खेळ रंगला. तोच आजचा शफलबोर्ड. पुढे हा खेळ बोटीवरून जमिनीवर उतरला. १९१३ च्या सुमारास फ्लोरिडात डेटोना इथे तो मांडला गेला आणि काही वर्षांत निवृत्तांचा आवडता खेळ होऊन बसला.

बोटीवरचा आणखी एक खेळ आपल्याही अंगणात आला आहे. डेकवर चेंडू चालत नाही. एक फटका चुकला की तो थेट समुद्रात. मग खलाशांनी जाड दोराची टोकं एकमेकांत विणून कडी केली. ती उसळत नाही, घरंगळत नाही, हरवली तर दुसरी करायला पैसा पडत नाही. मधे जाळी बांधायची, अलीकडच्याने फेकायची, पलीकडच्याने खाली पडू न देता झेलून तिथूनच परत फेकायची. इंग्रजी बोटींवर याला डेक टेनिस म्हणत. १९२० च्या दशकात हा खेळ जर्मनीत जमिनीवर रुजला, आणि दोराची कडी रबराची झाली. महाराष्ट्रातल्या शाळांत मुली रिंग टेनिस, टेनिकॉइट म्हणून जो खेळ खेळतात, तो हाच. पीटीच्या तासाला हातात पडणाऱ्या त्या रबरी रिंगला समुद्राचा वास असायला हवा होता, असं मला नेहमी वाटतं.

चालण्या-खेळण्याने दिवसाचे दोन-तीन तास भरतात. उरलेल्या वेळासाठी आली डेकवरची आरामखुर्ची. सुरुवातीला लोक आपापली खुर्ची घरून आणत. मग कंपन्यांनी भाड्याने द्यायला सुरुवात केली. ‘टायटॅनिक’च्या काळात व्हाइट स्टार कंपनीचा दर होता सबंध प्रवासाला खुर्चीचे चार शिलिंग, आणि अंगावर घ्यायच्या लोकरी घोंगडीचे आणखी चार. खुर्चीच्या पाठीला छोटी पितळी चौकट असे, तिच्यात तुमच्या नावाचं कार्ड सरकवलं की आठवडाभर ती जागा तुमची. म्हणून अनुभवी प्रवासी पाय ठेवल्या ठेवल्या डेक स्टुअर्डला गाठायचे आणि त्याचा हात ओला करायचे. कारण प्रश्न दोन होते. ऊन कुठल्या बाजूला येणार, आणि शेजारच्या खुर्चीत कोण येणार. अमेरिकेकडे जाताना दक्षिणेचं ऊन डाव्या अंगाला, परतताना उजव्या. शेजाऱ्याची अशी दिशा ठरलेली नव्हती; एखादा बडबड्या पदरी आला की आठवडा गेला. सकाळी अकराला स्टुअर्ड गरम बीफ टीचे, म्हणजे गोमांसाच्या पातळ रश्श्याचे, पेले घेऊन ओळीने फिरायचा. भूक असो-नसो, ते प्यायचं. घड्याळाकडे बघायला तेवढंच एक निमित्त.

‘टायटॅनिक’ बुडत असताना तिचा मुख्य बेकर चार्ल्स जॉकिन याच खुर्च्या समुद्रात फेकत होता. पाण्यात पडलेल्यांना धरायला काहीतरी मिळावं म्हणून. त्या बोटीवरची एक खुर्ची आज हॅलिफॅक्सच्या सागरी संग्रहालयात ठेवली आहे.

आता खुर्ची फुकट झाली आणि नावाचं कार्ड गेलं. त्याबरोबर भांडण आलं. सकाळी सहाला उठून खुर्चीवर टॉवेल आणि एखादं पुस्तक टाकून नाश्त्याला जायचं, हा प्रकार जगभरच्या क्रूझवर चालतो. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. काही कंपन्यांची माणसं ठरावीक वेळ वाट बघून तो टॉवेल उचलून नेतात. एसटीत ती सोय नाही.

या सगळ्यात माझा सर्वांत आवडता प्रकार मात्र जुगाराचा. भर दुपारी बारा वाजता बोटीची जागा निश्चित केली जाई आणि काल दुपारपासून आज दुपारपर्यंत किती सागरी मैल कापले तो आकडा लावला जाई. नाविकांच्या या रोजच्या हिशेबावर प्रवाशांनी पैजा लावायला सुरुवात केली. पुढे या आकड्यांचा रीतसर लिलावच होऊ लागला. बोटीकडून अंदाज जाहीर व्हायचा, समजा ५१५ मैल. त्याच्या अलीकडचे-पलीकडचे दहा-दहा आकडे रात्री स्मोकिंग रूममध्ये लिलावाला निघायचे. त्याहून कमी मैल भरतील तर ‘लो फील्ड’, जास्त भरतील तर ‘हाय फील्ड’, असे दोन भरघोस डावही विकले जायचे. आकाश काळवंडलं की लो फील्डचा भाव चढायचा. आदल्या संध्याकाळपर्यंत ज्यांनी समुद्राकडे ढुंकून पाहिलेलं नसे, ते कठड्याशी उभं राहून लाटांचा अभ्यास करू लागायचे. त्यात आणखी एक मेख होती. पश्चिमेकडे जाताना बोटीचं घड्याळ रोज मागे करावं लागतं. म्हणजे दुपार ते दुपार हा दिवस चोवीस तासांहून मोठा आणि मैलही जास्त. पूर्वेकडे जाताना उलट. हे ज्याच्या लक्षात राहायचं नाही, तो गळाला लागलाच. रोआल्ड डालची ‘डिप इन द पूल’ ही कथा याच जुगारावर आहे. वादळाच्या भरवशावर लो फील्ड घेतलेला माणूस सकाळी उठतो तो समुद्र शांत. बोट थांबावी म्हणून तो स्वतःच पाण्यात उडी घेतो. पुढचं वाचणाऱ्याने वाचावं.

या सगळ्या काळात भर समुद्रात जगाच्या बातम्या मात्र पोचत नसत; ती कोंडी १५ नोव्हेंबर १८९९ रोजी फुटली. ‘सेंट पॉल’ या बोटीवर खुद्द मार्कोनी होता. इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ येताना त्याने बिनतारी यंत्रावर बोअर युद्धाच्या बातम्या पकडल्या, आणि त्या बोटीवरच छापून ‘ट्रान्सअटलांटिक टाइम्स’ नावाने एक-एक डॉलरला विकल्या गेल्या. आठवडाभर जगाशी संबंध तुटण्याचं सुख तिथून कमी कमी होत गेलं. आता वायफायने ते पुरतं संपवलं आहे.

इथपर्यंतचं सगळं वरच्या डेकवरचं. खालच्या वर्गातून जे लाखो लोक अमेरिकेत गेले, त्यांना खुर्ची नव्हती आणि बीफ टीही नव्हता. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने १८७९ मध्ये ‘डिव्होनिया’ बोटीतून हा प्रवास केला. खाली फिडल वाजायची, गाणी व्हायची, असं तो सांगतो. आणि वरच्या वर्गातले लोक गंमत म्हणून ही गरिबी बघायला खाली यायचे, त्याची चीडही लिहितो. वरच्यांच्या सी डेच्या कार्यक्रमात खालची माणसं हाही एक देखावा होता, हे विसरून चालणार नाही.

समुद्रावरचा दिवस हाच माल म्हणून विकता येतो, हे पहिल्यांदा नीट ओळखलं हॅम्बुर्गच्या अल्बर्ट बॅलिनने. हिवाळ्यात अटलांटिकला गिऱ्हाईक नसे, बोटी बसून राहायच्या. जानेवारी १८९१ मध्ये त्याने ‘ऑगुस्टा व्हिक्टोरिया’ भूमध्य समुद्रात सहलीला पाठवली आणि ती भरली. मग बोटींत पोहण्याचे तलाव आले, टर्किश बाथ आले, ‘टायटॅनिक’वर तर व्यायामाला विजेवर हलणारा उंट आला. तरीही अटलांटिकवर खरी शर्यत वेगाचीच होती. १९५२ साली ‘युनायटेड स्टेट्स’ या बोटीने साडेतीन दिवसांच्या आत हा समुद्र पार केला. आणि सहाच वर्षांत, ऑक्टोबर १९५८ मध्ये जेट विमानं सुरू झाली. सात-आठ तासांत पोचता येत असताना बोटीने जायचं कशाला, याला उत्तर एकच उरलं, त्या दिवसांसाठी.

आज या मार्गावर नियमित जाणारी मोठी प्रवासी बोट एकच, ‘क्वीन मेरी २’. तिच्यावर तारांगण आहे, हजारो पुस्तकांचं वाचनालय आहे. कुत्र्यांनाही नेता येतं, आणि त्यांच्या सोयीसाठी न्यूयॉर्कचा एक फायर हायड्रंट आणि इंग्लंडचा एक दिव्याचा खांब उभा केला आहे. डेकला तीन फेऱ्या मारल्या की मैलभर चालणं होतं. दुकानं आणि कॅसिनो बंदरात करांच्या नियमांमुळे सहसा बंद ठेवावे लागतात, समुद्रात मात्र खुशाल उघडे. म्हणजे प्रवाशाचा रिकामा दिवस हा कंपनीचा कमाईचा दिवस, आणि नोकरवर्गाचा सर्वांत धावपळीचा. जगभरच्या क्रूझवर काम करणारा कुणी गोव्याचा किंवा मुंबईचा मुलगा भेटला तर विचारा, सी डेबद्दल त्याचं मत वेगळंच असेल.

ही बोट तीस नॉटपर्यंत वेगाने पळू शकते. सुरुवातीला ती सहा रात्रींत पोचायची. आता बहुतेक सफरी सात रात्रींच्या. एक रात्र मुद्दाम वाढवलेली आहे.

जायचंच ठरवलंत तर साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्कला जा, उलट नको. त्या दिशेने घड्याळ पाच वेळा मागे जातं, आणि पाच रात्री एकेक तास झोप जास्त मिळते. परत येताना तेच पाच तास वजा होतात, आणि तेही भर दुपारी : बारा वाजले की एकदम एक.