डेटाबेसचं स्वीडिश वळण

मायएसक्यूएल या डेटाबेसच्या जुन्या आवृत्तीत दोन टिंबांच्या यूचा जर्मन 'म्यूलर' शोधला, की वाय घालून लिहिलेला म्यूलरही हजर व्हायचा. साध्या यूचा मात्र गायब! जर्मन माणूस यावर चक्रावणारच. पण स्वीडनमध्ये हे रीतीला धरून आहे: तिथल्या अकारविल्ह्यात टिंबांचा यू वायच्या घरात बसतो. मायएसक्यूएल १९९५ साली स्वीडनमध्येच जन्मला आणि 'लॅटिन१ स्वीडिश' हेच त्याचं मूळ कोलेशन, म्हणजे अक्षरांच्या तुलनेची नियमावली, होतं. ज्यांनी सेटिंगला हात लावला नाही, ते सगळे नकळत स्वीडिश नियम पाळत राहिले.

त्याआधीची पिढी ॲस्कीची, म्हणजे अक्षरांना अंक देणाऱ्या संकेताची, १९६३ची. तिच्या १२८ जागांत डोक्यावर रेघ किंवा टिंबं असलेलं अक्षरच नव्हतं, त्यामुळे भांडणही नव्हतं. पुढे लॅटिन१ने फ्रेंचांच्या तिरक्या रेघेच्या ईला २३३ हा एक बाइट दिला. १९९२ साली केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी युनिकोड या जागतिक अक्षरसंचासाठी यूटीएफ-८ रचलं. त्यात तोच ई १९५ आणि १६९ असे दोन बाइट घेतो. शिवाय युनिकोडमध्ये साधा ई आणि सुटी रेघ अशी जोडीही चालते, तिचे बाइट तीन. डोळ्याला तिन्ही सारखेच. नुसते बाइट ताडून पाहणाऱ्या यंत्राला तिन्ही निराळे. म्हणून युनिकोडच्या तुलनेत आधी मूळ अक्षर पाहतात, मग वरची खूण, मग लहान-मोठी लिपी.

मायएसक्यूएलच्या २०१८च्या ८.० आवृत्तीने स्वीडिश वळण सोडलं. नवं कोलेशन वरच्या खुणा सरसकट सोडून देतं. त्यातून जपानीत वेगळाच घोळ झाला: 'हा'चा 'पा' करणारं छोटं वर्तुळही खूणच ठरलं आणि हाहा (आई) व पापा (बाबा) एकच झाले! जपानीसाठी मग वेगळं कोलेशन द्यावं लागलं.

आपल्याकडेही 'कऱ्हाड' दोन तऱ्हांनी साठवला जातो: एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. तेव्हा मराठी नावांचा तक्ता उघडताना आयतं कोलेशन मुकाट्याने घेऊ नका. कऱ्हाड दोन्ही तऱ्हांनी भरा आणि शोधून बघा.