‘साहाय्यक’ प्रथिनांचा इतिहास : एच.आय.व्ही. संशोधनातील एका नावाची चिकित्सा

पॅरिसच्या पाश्चर संस्थेत १९८३ साली एड्सचा विषाणू वेगळा करण्यात आला व १९८५ मध्ये त्याचा जनुकक्रम वाचला गेला. त्याच्या नऊ जनुकांपैकी विफ, व्हीपीआर, व्हीपीयू व नेफ ही चार वगळली तरी प्रयोगशाळेतील काही पेशींत विषाणू वाढतो, असे पुढे आढळले. त्यावरून या जनुकांच्या प्रथिनांना ‘साहाय्यक’ हे दुय्यम नाव मिळाले. नेफ या नावाचा तर अर्थच ‘नकारात्मक घटक’ असा. तो विषाणूच्या वाढीला आवर घालतो, असा प्रारंभीचा समज होता.

हा समज १९९१ मध्ये रोनाल्ड डेस्रोझियर्स यांच्या गटाने खोडून काढला. माकडांतील तत्सम विषाणूमधून नेफ काढून टाकताच प्रौढ माकडांत त्याचे प्रमाण अत्यल्प राहिले व रोग उद्भवला नाही. १९९२ मध्ये अशी माकडे घातक विषाणूलाही दाद देत नाहीत असे दिसून आले आणि जिवंत लसीची आशा निर्माण झाली. १९९५ मध्ये सिडनी येथील एक रक्तदाता व त्याचे रक्त मिळालेल्या सहा व्यक्ती यांच्यातील विषाणूत नेफ सदोष असल्याचे प्रसिद्ध झाले. दीर्घकाळ संसर्ग असूनही त्यांना एड्स झाला नव्हता. आशा बळावली खरी, परंतु त्याच वर्षी नेफसह अन्य भागही वगळलेल्या विषाणूने माकडांच्या नवजात पिलांना रोग झाल्याचे नोंदवले गेले. १९९९ पर्यंत सिडनीच्या गटातील काहींच्या सीडी-४ पेशीही घटू लागल्या होत्या. ही लस मानवापर्यंत पोहोचली नाही.

दरम्यान १९९६ मध्ये नेफचे एक कार्य उलगडले होते. संसर्गित पेशीच्या पृष्ठभागावरील एम.एच.सी.-१ रेणू तो आत ओढून घेतो; त्यामुळे मारक टी-पेशींना ती पेशी ओळखणे कठीण जाते.

विफचे कोडे अधिक चिवट ठरले. काही पेशींत तो अनिवार्य, तर काहींत अनावश्यक, असे का? माइकल मॅलिम यांच्या गटाने २००२ मध्ये याचे उत्तर दिले : पहिल्या प्रकारच्या पेशींत एपोबेक-३जी हे संरक्षक प्रथिन असते. विफ नसल्यास ते नव्या विषाणुकणात शिरते व पुढील पेशीत विषाणूच्या डी.एन.ए.मध्ये घातक बदल घडवते. विफ त्याला पेशीच्या विघटनयंत्रणेकडे धाडतो. जेथे शत्रूच नाही, तेथे विफही अनावश्यक भासणार!

व्हीपीयूची उकल २००८ मध्ये झाली. टेथरिन हे प्रथिन नव्या कणांना पेशीला बांधून ठेवते. व्हीपीयू ते बंधन सोडवतो. एच.आय.व्ही.-२ मध्ये व्हीपीयू नाही. तेथे हेच काम विषाणूच्या आवरणातील प्रथिन करते.