५२, ५८, ७७: एका गोल काचेच्या मापाची गोष्ट

मागच्या भागानंतर एका श्रोत्याचा प्रश्न आला. त्याच्याकडे तीन लेन्स आहेत: एक ४९ मिमीची, एक ५८ची आणि एक ७७ची. लग्नाच्या ऑर्डरी नुकत्याच सुरू झाल्यात, हातात पैसे मोजकेच आहेत. पोलरायझर तीन घ्यायचे की एकच? उत्तर देतो, पण त्याआधी ३५० वर्षं मागे जाऊया. कारण ‘केवढा घ्यायचा’ हा प्रश्न या काचेला अगदी जन्मापासून चिकटलेला आहे.

१६६९ साल. डेन्मार्कचा रास्मुस बार्थोलिन एका स्फटिकाबद्दल लिहितो. आइसलँडमधून आलेला पारदर्शक खडा. अक्षरांवर ठेवला की प्रत्येक अक्षर दोनदा दिसतं! असं का, हे पुढची बरीच वर्षं नीट उलगडलं नाही.

मग १८०८. पॅरिस. एत्येन-लुई मालुस हा फ्रेंच इंजिनिअर असाच खडा डोळ्याला लावून समोरच्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांकडे बघतोय. मावळता सूर्य त्या काचांवर चमकतोय. खडा फिरवल्यावर दोन प्रतिमांपैकी एक फिकी पडते, आणखी फिरवला की दुसरी. म्हणजे काचेवरून परावर्तित झालेला प्रकाश साधा राहत नाही. त्याची कंपनं जास्त करून एकाच दिशेत होतात. ‘पोलरायझेशन’ हा शब्द मालुसनेच रूढ केला.

आज आपण फिल्टर फिरवून तळ्यावरची चमक घालवतो, तेव्हा मालुसचाच प्रयोग करत असतो. पाण्यावर ही युक्ती सगळ्यात जास्त कधी चालते? सरळ खाली बघताना नाही. पृष्ठभागाच्या लंबरेषेपासून साधारण ५३ अंशांवर. हा हिशेब १८१५ मध्ये डेव्हिड ब्रूस्टरने मांडला.

आता अडचण बघा. १८२८ मध्ये एडिंबराच्या विल्यम निकोलने याच खड्याचे दोन तुकडे जोडून उत्तम पोलरायझर बनवला. पण मोठा आणि निर्मळ खडा मिळणं मुश्कील, आणि मिळाला तरी महाग. सूक्ष्मदर्शकात बसेल एवढा पोलरायझर ठीक होता, पण कॅमेऱ्याची अख्खी लेन्स झाकायची म्हणजे अवघडच.

वाट सापडली ती कुत्र्याच्या लघवीत. हसू नका, खरं आहे! १८५२ मध्ये ब्रिस्टलचे डॉक्टर विल्यम बर्ड हेरापाथ यांच्या विद्यार्थ्याने क्विनीन दिलेल्या कुत्र्याच्या लघवीत आयोडीन टाकलं, आणि हिरवट, चकचकीत बारीक स्फटिक तयार झाले. एकावर एक आडवे पडले की तिथे काळोख! म्हणजे ते प्रकाश पोलराइज करत होते. पण हे स्फटिक नाजूक आणि इवलेसे. ते मोठे कसे वाढवायचे, याच्या मागे लोक लागले.

१९२०च्या दशकात एडविन लँड नावाचा पोरगा हार्वर्ड सोडून न्यूयॉर्कला आला. त्याने प्रश्नच उलटा केला. एक मोठा स्फटिक कशाला हवा? लाखो बारके स्फटिक एका पातळ थरात पसरू आणि सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला वळवू. १९२९ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हा त्याचं वय होतं अवघं एकोणीस. आता पोलरायझर कापडासारखा हवा त्या मापात कापता येणार होता.

लँडचं स्वप्न मात्र कॅमेऱ्याचं नव्हतंच. रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या हेडलाइटने डोळे दिपतात आणि अपघात होतात, ते त्याला थांबवायचे होते. हेडलाइटवर एक पोलरायझर आणि ड्रायव्हरसमोर दुसरा, अशी योजना. ती कधीच रस्त्यावर आली नाही. एक मोठी अडचण अशी, की फायदा व्हायला सगळ्याच गाड्यांवर ते लागायला हवं. फोटोग्राफरला मात्र दुसऱ्या कुणाची वाट बघायची नव्हती. १९३४ मध्ये कोडॅकने लँडशी कॅमेरा-फिल्टरसाठी करार केला. १९३७ मध्ये पोलरॉइड कंपनी उभी राहिली.

काच स्वस्त झाली, पण माप? जुन्या काळी बरेच फिल्टर लेन्सच्या तोंडावर दाबून बसवत, आणि प्रत्येक लेन्सचा बाहेरचा घेर वेगळा. म्हणून ‘सिरीज’ पद्धत आली: गोल काच एकच, आणि प्रत्येक लेन्ससाठी वेगळी कडी. ही कल्पना लक्षात ठेवा.

पुढे आटे असलेले फिल्टर रुळले. १९५९ मध्ये निकॉन एफ आला आणि निकॉनने २८, ३५, ५०, १०५, १३५ अशा कितीतरी लेन्सना ५२ मिमीचंच तोंड दिलं. ऑलिंपसने ओएम मालिकेत बहुतेक लेन्स ४९वर आणल्या. एक फिल्टर, अख्खी बॅग खूश!

मग हे बिघडलं कुठे? साधा भागाकार करा. १३५ मिमी एफ ३.५ म्हणजे १३५ भागिले ३.५, जवळपास ३९. ५२मध्ये आरामात बसलं. आता २०० मिमी एफ २.८ करा: ७१ च्या वर! ५२चं तोंड पुरणारच नाही. मोठ्या झूम लेन्स आल्या तशी ७७ आणि ८२ ही मापं नेहमीची झाली.

तर मित्रा, तुझं उत्तर. आधी लेन्सवर Ø या खुणेपुढचा आकडा बघ. ‘५० मिमी’ ही फोकल लेंग्थ आहे, फिल्टरचं माप नाही. सगळ्यात मोठ्या लेन्सच्या मापाचा, म्हणजे ७७चा, एकच चांगला पोलरायझर घे. ४९ आणि ५८साठी स्टेप-अप रिंग घे. त्यात काच नसते, नुसती धातूची कडी, म्हणून स्वस्त. तीच जुनी ‘सिरीज’वाली युक्ती! उलटं करू नकोस. मोठ्या लेन्सवर लहान फिल्टर लावलास तर फोटोचे कोपरे काळे पडतील.

तोटेही सांगतो. रिंग लावली की लहान लेन्सचा हूड बहुधा बसत नाही. ७७ची काच ५२च्या दुपटीहून मोठी, म्हणून महागही. पुढे ८२ची लेन्स घ्यायचं नक्की असेल, तर आत्ताच ८२ घे. नुसतं ‘कधीतरी घेईन’ असेल, तर नको.

डीएसएलआर असेल तर ‘सर्क्युलर’ लिहिलेलाच घे. हा शब्द आकाराबद्दल नाही, कारण गोल तर दोन्ही असतात. त्या कॅमेऱ्यांतल्या अर्धपारदर्शक आरशामुळे साध्या पोलरायझरने मीटर आणि ऑटोफोकस गडबडू शकतात. आणि हॉलमध्ये शिरताना फिल्टर काढून ठेव. तो एक ते दोन स्टॉप प्रकाश खातो, लग्नाच्या हॉलमध्ये ते परवडत नाही.

आणि ज्यांच्याकडे फक्त फोन आहे, त्यांनी पोलराइज्ड गॉगल कॅमेऱ्यासमोर धरा, ओल्या पानांकडे बघत हळूहळू फिरवा. पानांवरची पांढरी चमक जाऊन खालचा हिरवा रंग वर येईल. काय दिसलं, ते कळवा. भेटू पुढच्या भागात!