टॅरोच्या पानांतील दिशा आणि गती

टॅरोच्या एका कॅटमध्ये ७८ पाने असतात. त्यांपैकी २२ पानांना 'मेजर आर्काना' आणि उरलेल्या ५६ पानांना 'मायनर आर्काना' म्हणतात. प्रत्येक पानाचे ठरावीक अर्थ पुस्तकांतून सहज मिळतात. परंतु दोन पाने शेजारी-शेजारी आली की पाठ केलेले अर्थ अपुरे पडू लागतात. अशा वेळी पानावरील आकृती कोणत्या बाजूस पाहते, ती चालते आहे की थांबली आहे, तिच्या पुढ्यात कोणते पान आले आणि पाठीमागे कोणते राहिले, यांवरून टॅरो रीडर मांडणीचा अर्थ लावतो. नोकरी सोडावी का, परदेशी जावे का, तुटलेले नाते पुन्हा जोडावे का, असे अनेक प्रश्न मुळात जाण्याचे किंवा थांबण्याचे असतात. त्यामुळे पृच्छकाच्या निर्णयावर या भागाचा प्रभाव मोठा पडतो.

दिशेचा विचार टॅरोइतका जुना मात्र नाही. १५व्या शतकात उत्तर इटलीत टॅरो जन्माला आला तो खेळ म्हणून. आज गूढ मानली जाणारी २२ पैकी बहुतेक पाने तेव्हा चक्क हुकमाची पाने होती. या पानांत प्राचीन इजिप्तचे ज्ञान दडले आहे, असा दावा फ्रान्समध्ये कूर द जेबलँ यांनी १७८१ मध्ये केला. त्याला आधार नव्हता, पण भविष्यकथनाची वाट त्यातून रुंद झाली. जुन्या मार्सेय पद्धतीच्या कॅटमध्ये एक्क्यापासून दश्शीपर्यंतच्या ४० पानांवर माणसेच नसतात; सात पेल्यांच्या पानावर सात पेले, एवढेच. जिथे माणूस नाही, तिथे त्याच्या चालण्याचा किंवा पाहण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

हे चित्र १९०९ मध्ये पालटले. लंडनच्या रायडर प्रकाशनाने आर्थर एडवर्ड वेट यांच्या कल्पनेनुसार नवा कॅट काढला आणि त्याची सर्व चित्रे पामेला कोलमन स्मिथ यांनी काही महिन्यांत रेखाटली. मोबदला तुटपुंजा मिळाला आणि पुढे अनेक दशके हा कॅट 'रायडर-वेट' याच नावाने ओळखला गेला. चित्रकर्तीचे नाव त्यात आले नाही. ही उणीव लहान म्हणता येणार नाही. कारण आज दिशा आणि गती म्हणून जे वाचले जाते, ते बव्हंशी स्मिथ यांच्या रेषेतून आलेले आहे. त्यांचा लंडनच्या लायसियम नाट्यसंस्थेशी निकटचा संबंध होता. कॅटमधील कित्येक आकृती रंगमंचावर उभ्या असल्यासारख्या भासतात: कोणी प्रवेश करीत आहे, कोणी पाठ फिरवून निघाला आहे.

चार नाइट म्हणजे चार घोडेस्वार यांची तुलना केली, की हे चटकन ध्यानात येते. 'नाइट ऑफ स्वोर्ड्स'चा घोडा भरधाव सुटला आहे. 'नाइट ऑफ वाँड्स'चा घोडा पुढचे पाय उचलून उसळतो आहे. 'नाइट ऑफ कप्स' पेला सांडू नये अशा बेताने संथ चालला आहे, तर 'नाइट ऑफ पेंटॅकल्स'चा काळा घोडा नांगरलेल्या शेतापाशी जागचा हललेला नाही. विवाहाच्या प्रश्नाला पहिला स्वार आला आणि त्याच प्रश्नाला चौथा आला, तर दोन्ही उत्तरांतील फरक मुख्यतः वेगाचा असतो. 'एट ऑफ वाँड्स' या पानावर तर माणूसच नाही. आठ काठ्या हवेतून तिरप्या झेपावतात. याउलट 'चॅरियट' हे रथाचे पान नावाने गतीचे असले, तरी चित्रात रथ उभा आहे. पुढचे काळे आणि पांढरे स्फिंक्स बसलेले आहेत आणि सारथ्याच्या हाती लगाम नाही. या पानाचा अर्थ प्रवास एवढाच सांगणाऱ्याने चित्र नीट पाहिलेले नसते.

डावे आणि उजवे

गतीपेक्षा दिशेचे वाचन अधिक वादाचे आहे. डावीकडे पाहणारी आकृती भूतकाळाकडे आणि उजवीकडे पाहणारी भविष्याकडे पाहते, असा संकेत आज सर्रास शिकवला जातो. तो कसाला लावून पाहावा. याच कॅटमधील 'फूल', म्हणजे नव्या प्रवासाला निघालेला भोळा तरुण, पाहणाऱ्याच्या डाव्या बाजूला तोंड करून चालला आहे. 'डेथ'चा पांढरा घोडा मात्र उजवीकडे निघाला आहे. संकेत काटेकोरपणे लावला, तर नवी सुरुवात भूतकाळाकडे जाते आणि मृत्यू भविष्याकडे. पहिले विधान तरी कोणताही रीडर मान्य करणार नाही.

या संकेताचे मूळ चित्रात शोधण्यापेक्षा लिपीत शोधणे सयुक्तिक ठरते. देवनागरी किंवा रोमन वाचणाऱ्याचा डोळा डावीकडून उजवीकडे सरकतो. उर्दू वा हिब्रू वाचणाऱ्याचा डोळा उलट सरकतो. महाराष्ट्रात प्रचलित असलेल्या कुंडलीतील स्थाने घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने मोजतात, तर दक्षिणेतील कुंडलीत राशी काट्यांच्या दिशेने जातात. कोकण-गोव्यात देवाला कौल लावताना उजवा कौल होकाराचा मानतात. दिशेला अर्थ असतो, पण तो परंपरेने ठरवून दिलेला असतो.

खुद्द वेट यांची पद्धत या बाबतीत अधिक सुसंगत होती. १९११ च्या त्यांच्या सचित्र ग्रंथात दहा पानांच्या 'केल्टिक क्रॉस' मांडणीची कृती आहे. तीत पृच्छकाचे प्रतिनिधी पान आधी मध्यभागी ठेवतात. त्यावरील आकृतीची पाठ ज्या बाजूस असेल तिथे मागे पडत चाललेल्या गोष्टींचे पान आणि तोंड असेल तिथे पुढे येणाऱ्या गोष्टींचे पान मांडायचे असते. आकृतीचे तोंड कोणत्याच बाजूस नसेल, तर ती कुठे पाहते हे मांडणीपूर्वीच ठरवून टाकावे, अशी सूचनाही तिथे आहे. वेट आणि स्मिथ हे दोघे ज्या 'गोल्डन डॉन' मंडळाचे सदस्य होते, त्या १८८८ मध्ये स्थापन झालेल्या मंडळाच्या पद्धतीतही प्रतिनिधी आकृती जिकडे पाहते तिकडेच पाने मोजत जाण्याचा नियम होता.

आता 'नाइट ऑफ स्वोर्ड्स' हे प्रतिनिधी पान धरू. त्याचे तोंड डावीकडे आहे. मागच्या स्थानी 'हर्मिट', म्हणजे कंदील धरलेला वृद्ध एकांतवासी, आला असे समजू. तोही डावीकडेच पाहतो. वेट यांच्या रीतीने तो स्वाराच्या उजवीकडे बसतो आणि त्याचा कंदील स्वाराच्या पाठीवर प्रकाश टाकतो: मागचा अनुभव सोबतीला आहे. आजच्या अनेक पुस्तकांप्रमाणे भूतकाळाची जागा कायम डावीकडे ठेवली, तर तोच वृद्ध स्वाराकडे पाठ करून निघून जाताना दिसतो: मागचा आधार सुटला. पाने तीच आणि स्थानांची नावेही तीच असताना पृच्छक घरी मात्र वेगळे उत्तर घेऊन जातो.

उलटी पाने

पान उलटे पडल्यास अर्थ बदलतो, ही रीत १८व्या शतकातील फ्रेंच पत्तेवाचक एतेला यांनी रूढ केली. त्यांच्या १७७० च्या पुस्तकात साध्या पत्त्यांचेही उलटे अर्थ होते. गोल्डन डॉनने उलट्या पानांऐवजी शेजारच्या पानांतील तत्त्वांच्या मैत्री-वैरावर भर दिला. उलटे पान गतीतील अडथळा सुचवते, असे अनेक रीडर मानतात. मात्र एका पायाने लटकलेला 'हँग्ड मॅन' उलटा पडला की तो सरळ उभा दिसतो, तेव्हा हा नियम लंगडा पडतो. पाने पिसताना काही फिरवली नाहीत, तर एकही पान उलटे येत नाही, हेही लक्षात घ्यावे. उलट्या पानांचे प्रमाण पिसणाऱ्याच्या हाताच्या सवयीवर अवलंबून असते.

वेगावरून कालावधी सांगण्याचा प्रघात सर्वांत निसरडा आहे. वाँड्स म्हणजे दिवस की आठवडे, पेंटॅकल्स म्हणजे महिने की वर्षे, यावर दोन पुस्तकांचे एकमत होत नाही. पानांवरून घटना वा तारखा अचूक सांगता येतात याला शास्त्रीय पुरावा नाही. चित्रातला स्वार भरधाव आहे, एवढ्यावरून व्हिसा कधी येईल हे ठरत नाही.

मांडणीसमोर बसणाऱ्याने दोन गोष्टी आधीच विचारून घ्याव्यात: पाने कोणाच्या बाजूने सरळ धरली जाणार आहेत आणि भूतकाळाची बाजू कोणती. रीडर समोर बसला असेल, तर त्याचे उजवे ते पृच्छकाचे डावे असते. पहिले पान उलगडल्यावर ही उत्तरे ठरवायची नसतात.