कोर्स केला म्हणजे गाडी आली?

आमच्या लायनीत नवीन कोड न तपासता थेट लाइव्ह केला तर बोलणी खावी लागतात. पण नुकतं लायसन्स मिळालेल्या पोराला आपण पहिल्याच रात्री चार मित्रांसकट हायवेवर सोडतो!

"नीट शिकवा, म्हणजे अपघात कमी होतील" हे ऐकायला बरोबर वाटतं. अमेरिकेत ते तपासूनही पाहिलं. १९७० च्या दशकाच्या अखेरीस जॉर्जियातल्या डिकाल्ब काउंटीत सुमारे १६ हजार शाळकरी मुलांचे तीन गट केले: एकाला भरगच्च कोर्स, दुसऱ्याला जेमतेम, तिसऱ्याला शाळेत काहीच नाही. निकाल? भरगच्च कोर्सचा टिकाऊ फायदा दिसला नाही. उलट ती मुलं लायसन्स काढून लवकर रस्त्यावर आली.

न्यूझीलंडने १९८७ मध्ये टप्प्याटप्प्याचं लायसन्स आणलं. आधी शेजारी अनुभवी माणूस. मग एकट्याने, पण रात्री १० ते पहाटे ५ बंदी आणि मित्रांना बसवायचं नाही. शेवटी पूर्ण मोकळीक. तरुणांचे अपघात घटले. १९९६ पासून अमेरिकेतली राज्यंही त्याच वाटेने गेली.

मग शिकवणं फुकट का? नाही हो. क्लच-गिअर काही दिवसांत जमतात. उभ्या रिक्षाआडून पोरगं धावत येईल हा अंदाज यायला महिने जातात. ते महिने सुखरूप पार पडणं, हेच खरं शिक्षण.

आपल्याकडे लर्निंगनंतर ३० दिवसांनी पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते. पुढचे नियम घरच्यांनीच घालायचे. भाच्याला मी घातलेत: सहा महिने रात्रीची गाडी नाही, मित्र नाहीत. सध्या तो माझ्याशी बोलत नाही. चालेल!